एकोणसाठाव्या वर्षी पुन्हा अ-इ-उ-ए-ओ

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली, शेवटची बारा वर्षं विव्हिंग मास्तर म्हणून. आमच्या शेडमध्ये कोपऱ्यात एक जपानी माग होता, २००१ साली वापरलेलाच विकत आणलेला. त्याच्या डाव्या अंगाला पिवळ्या पट्टीवर दोन मोठी अक्षरं होती. माग बनवणाऱ्या कंपनीचं नाव असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो. खंडेनवमीला बाकीच्या मागांना फ्रेमवर कुठंही हळद-कुंकू लागायचं, ह्या मागाला मात्र नेमकं त्या दोन अक्षरांवर. ३१ मे २०२३ ला रिटायर झालो, त्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर शेडमध्ये गेलो आणि त्या पट्टीचा मोबाईलवर फोटो काढला. जपानी शिकायचं खूळ तिथून डोक्यात शिरलं.

मोठं काही समजू नका. मी पास झालोय ती जेएलपीटी नावाच्या जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात खालची पायरी, एन ५. वर अजून चार आहेत. पण ओळखीतल्या पाच-सहा जणांनी विचारलं की ह्या वयात कसं केलं, किती पैसे लागले, पुण्याला कितीदा जावं लागलं. म्हणून तारखेनिशी लिहून ठेवतोय.

पहिले तीन महिने वायाच गेले, सोबत साडेतीन हजार रुपयेही. मोबाईलवर जाहिरात दिसली, नव्वद दिवसांत जपानी. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ होते. शिकवणारा इंग्रजीतून सांगायचा, 'जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, पण घाबरू नका.' मी कशाला घाबरू? आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड. तिन्हीकडं क्रियापद शेवटीच बसतं. शंका विचारायला समोर माणूस नव्हता, पंधराव्या व्हिडिओनंतर सोडून दिलं. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. एवढंच सांगतो, आधी जिवंत माणसाचा एक फुकट तास ऐकून बघा, मग पैसे भरा.

कट्ट्यावर बातमी फुटलीच. सिद्धेश्वर तलावाच्या काठाला सकाळी आमची पाच जणांची फेरी असते. त्यातला एक म्हणाला, "आपल्या कोटणीस डॉक्टरांनी चीनला जाऊन चिनी शिकली ते जखमी सैनिकांसाठी. तू कुणासाठी शिकालास बे?" १९३८ साली डॉक्टर गेले ते जपानशी चाललेल्या युद्धातल्या जखमींवर उपचार करायला, आणि मी निघालो होतो जपानी शिकायला. मला उत्तर सुचलं नाही. अजूनही फारसं सुचलेलं नाही.

सोलापुरात माझ्या वेळेला जुळणारा वर्ग मिळेना. भाचीच्या ओळखीतून पुण्यातल्या एका शिक्षिकेचा ऑनलाइन वर्ग कळला. ४ सप्टेंबर २०२३, सोमवार, पहिला तास. सोम-बुध-शुक्र, संध्याकाळी सात ते सव्वाआठ, फी बारा हजार, दोन हप्त्यांत. अकरा जणांत नऊ पोरंपोरी पंचविशीच्या आतली, एक बँकेतल्या बाई आणि मी. शिक्षिका माझ्या सुनेच्या वयाची. तिला काय म्हणावं ह्या विचारात मी पहिला तासभर तोंडच उघडलं नाही. तिनंच सोडवलं, "काका, मला नुसतं सेन्सेइ म्हणा. अहो-जाहो त्यातच आलं."

दुसऱ्या तासाला ओळख करून द्यायची होती. मी ऐटीत माझ्या नावापुढं 'सान' लावून सांगितलं. सेन्सेइ हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, सान दुसऱ्याला लावायचं. स्वतःला लावलं की 'नमस्कार, मी श्रीयुत अमुकराव साहेब' म्हटल्यासारखं होतं." पोरं मात्र हसली. त्यानंतर वर्गात सगळे मला काका-सान म्हणायला लागले ते शेवटपर्यंत.

अक्षरांचं सांगतो, कारण लोक इथंच घाबरून सोडतात. उच्चाराप्रमाणं लिहायच्या दोन लिप्या, हिरागाना ४६ अक्षरं, काताकाना ४६, आणि वर कांजी म्हणजे चित्रलिपीसारखी चिनी वळणाची अक्षरं. (कांजी म्हटल्यावर मला आधी सुताला लावायची खळच आठवली.) एन ५ ला साधारण शंभर कांजी आणि आठशे शब्द येत असले तर निभतं. पोरांना हिरागाना दोन आठवड्यांत आला, मला साडेपाच लागले. नातीच्या गणिताच्या चौकटीच्या वह्या आणल्या, एका चौकटीत एक अक्षर. ती दुसरीत, मी तिच्या शेजारी. "ताता, तुझं अक्षर रेघेबाहेर गेलं," हे तिचं काम. कारखान्यातून टॉवेलला लावायच्या पुठ्ठ्याच्या टॅगचा एक गठ्ठा मागून आणला. एका बाजूला अक्षर, मागं उच्चार, आणि भोकातून सुतळी ओवली की माळ तयार. बाजारातली कार्डं घेऊ नका.

तिसऱ्या आठवड्यात मात्र माझी कळी खुलली. सेन्सेइंनी अक्षरांचा तक्ता दाखवला. स्वर अ, इ, उ, ए, ओ. मग ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व. मी म्हटलं, ही तर आपली बाराखडी! क आधी, मग त, मग न, मग म, शेवटी य र व. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकायचे, त्या अभ्यासातून हा क्रम तिकडं रुजला. च च्या जागी स आणि प च्या जागी ह दिसतो, कारण जुन्या जपानीत त्यांचे उच्चार च आणि प च्या जवळ होते. हे कळल्यापासून शब्दकोशात शब्द शोधताना मला तक्ता लागत नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्यानं हा क्रम घोकावा, आपण तो पहिलीतच घोकलेला असतो.

विभक्तीचंही तसंच. नो म्हणजे चा-ची-चे, कारा म्हणजे पासून, मादे म्हणजे पर्यंत. शब्दाच्या मागं चिकटतात, आपल्यासारखेच. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी 'का' लावायचा. जपानीतही 'का' आणि मराठीतही 'का', हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सेन्सेइ थट्टा करतायत असं वाटलं. वारांची नावं बघा. रविवारच्या नावात सूर्य, सोमवारच्या नावात चंद्र. मंगळवार अग्नीचा, आणि मंगळ ग्रहाला तिकडं अग्नितारा म्हणतात. बुध पाण्याचा, गुरू लाकडाचा, शुक्र सोन्याचा, शनी मातीचा. ग्रह तेच, क्रम तोच. अख्खा आठवडा एका संध्याकाळी पाठ झाला. मराठीतून विचार करत शिका, असं मी त्यानंतर वर्गात दोनदा बोललो. पोरांनी ऐकलं नाही, त्यांची पुस्तकं इंग्रजी होती.

तेलुगूची मदत झाली ती वेगळीच. जपानीत न सोडला तर शब्द स्वरावरच संपतो. त्यामुळं परदेशी शब्दांना शेपूट लागतं. बस म्हणजे बासु, क्लास म्हणजे कुरासु, टॉवेल म्हणजे ताओरु. ल नाही, म्हणून सोलापूर लिहायचं तर सोरापुरु. मी मोठ्यानं वाचत बसलो होतो, पलीकडं अम्मा भाजी निवडत होती. ब्याऐंशी वर्षांची, आयुष्यभर विड्या वळलेली, अक्षर एक येत नाही. 'बासु, गुरासु, कुरासु' ऐकून तिचा हात थांबला. "इदि मन तेलुगे कदरा!" ही आपली तेलुगूच की रे! तिचंही बरोबर होतं. ती आयुष्यभर बस्सु, ग्लासु, क्लासुच म्हणत आलीय. शिवाय तेलुगूत आणि कन्नडात आखूड ओ आणि लांब ओ वेगळे आहेत, मराठीत तो फरक नाही. जपानीत आहे. महिन्याची चार तारीख म्हणजे योक्का आणि आठ तारीख म्हणजे योओका. पुण्याच्या पोरांना हा फरक ऐकू यायला त्रास व्हायचा, आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या कुठल्याही पोराला झाला नसता.

डिसेंबर २०२३ मध्ये धीर करून तास संपल्यावर सेन्सेइंना तो फोटो पाठवला. उत्तर दोन मिनिटांत आलं. उच्चार चूई. पहिलं अक्षर ओतणे, त्याच्या डावीकडं पाण्याचे तीन थेंब दिसतात ते त्यासाठी. दुसरं मन. मन ओतणे, म्हणजे लक्ष देणे. पाटीवर लिहिलं की अर्थ होतो, सावधान.

मी तो मेसेज तीनदा वाचला. बावीस वर्षं आम्ही 'सावधान'ला हळद-कुंकू लावत होतो.

इथून पुढं चढ लागला. मोजायची पद्धत हा जपानीतला सगळ्यात चिवट भाग. लांबट वस्तू असेल तर इप्पोन, निहोन, सान्बोन. चपटी असेल तर इचिमाइ, निमाइ, सान्माइ. पेन्सिली होन नं मोजायच्या, टॉवेल माइ नं. आम्ही जन्मभर डझनात मोजले. महिन्याच्या पहिल्या दहा तारखांची नावं वेगळी, विसाव्या तारखेचं वेगळंच. पण पाडवा, बीज, चतुर्थी म्हणणाऱ्यांनी ह्यावर तक्रार करू नये. मी रोज सकाळी तलावाच्या फेरीत त्या दिवसाची तारीख जपानीत म्हणायचो. पुस्तकातले पंचवीस धडे जून २०२४ मध्ये संपले.

परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. जुलै २०२४ ची माझी संधी हुकली, चूक माझीच. अर्ज काही महिने आधी निघतात हे माहीत होतं, पण 'बघू पुढच्या आठवड्यात' करत राहिलो आणि एन ५ च्या पुण्याच्या जागा भरून गेल्या. डिसेंबरच्या वेळी मात्र पहिल्याच दिवशी संगणकासमोर बसलो. फोटो दोनदा नाकारला गेला, एकदा आकार मोठा, एकदा मागचा पडदा निळा. तिसऱ्यांदा गल्लीतल्या फोटोवाल्याकडून पांढऱ्या पडद्यावर काढून घेतला, साठ रुपये. नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच, त्याच क्रमानं भरा, कारण प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. अर्ज करताना ठरवलेला पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा, निकाल बघायला लागतो. मी कॅलेंडरच्या मागं लिहिला होता, आणि कॅलेंडर जानेवारीत बदलतं. बायकोनं जुनं कॅलेंडर फडताळात अंथरलं होतं म्हणून वाचलो.

आता माझी खरी अडचण. तीन दशकं मागाच्या शेडमध्ये काढलेल्या माणसाचे कान कसे असतात ते सोलापुरात सांगायला नको. मे २०२४ मध्ये वर्गात सराव परीक्षा झाली. वाचनात बरे गुण आले, ऐकण्याच्या भागात चोवीसपैकी नऊ. इचि, शिचि, हाचि, म्हणजे एक, सात, आठ, मला तिन्ही सारखेच ऐकू यायचे. आधी वाटलं आपली भाषाच कच्ची. मग सून म्हणाली, "मामय्या, तुम्हाला कुकरची शिट्टीपण कमीच ऐकू येते." कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं गेलो. बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी, सहाशे रुपये. आलेख खाली जात जात चार हजार हर्ट्झजवळ खड्डाच पडलेला. डॉक्टर म्हणाले, आवाजात काम करणाऱ्यांचा हा नेहमीचा खड्डा, गेलेलं परत येत नाही. स, श, च असे बारीक आवाज नेमके तिथंच हरवतात. घरी येताना रिक्षात मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. परीक्षेचं दुःख नव्हतं ते. एकतीस वर्षांत कानात कापूस घालायचाही कंटाळा केला होता.

ह्या परीक्षेत एकूण गुण पुरेसे नसतात. १८० पैकी ८० हवेत, शिवाय शब्द-व्याकरण-वाचनात १२० पैकी किमान ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी किमान १९. ऐकण्यात १८ आले की बाकी कितीही असू देत, नापास. आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. म्हणून जूनपासून नोव्हेंबरपर्यंत रोज पाऊण तास नुसतं ऐकलं. सेन्सेइंनी युक्ती दिली, अक्षर पकडायच्या मागं लागू नका, शब्दाची लांबी आणि चढउतार पकडा. इचि आखूड. शिचि ला पुष्कळ ठिकाणी नाना असंही म्हणतात. हाचि ची सुरुवात उघड्या तोंडानं. हळूहळू चोवीसपैकी बारा, तेरा, कधी चौदा. एक गोष्ट मला उशिरा कळली, तुम्हाला लवकर कळावी. ऐकण्याचा किंवा दिसण्याचा त्रास असेल तर ह्या परीक्षेत खास सोय मागता येते, पण अर्ज भरतानाच. माझा अर्ज तोवर गेला होता.

३० नोव्हेंबरला, शनिवारी, हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो. बायकोनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली, भाचीसाठी वेगळी पुडी. मुक्काम कोथरूडला भाचीकडं. रविवारी, १ डिसेंबर २०२४, केंद्र एका कॉलेजात. गेटवरच्या वॉचमननं अडवलं, "पालकांनी बाहेर थांबायचं, काका." हॉल तिकीट दाखवलं. तो तिकीट, माझं तोंड आणि पुन्हा तिकीट असं बघत राहिला, मग म्हणाला, "जा, जा, बेस्ट लक."

वर्गात मोबाईल बंद करून पिशवीत, पिशवी पुढं. मोबाईल वाजला तर लाल कार्ड, म्हणजे परीक्षेतून बाहेर. एचबी पेन्सिल दोन, खोडरबर, टोकयंत्र आणि साधं काट्याचं घड्याळ न्या, स्मार्टवॉच चालत नाही. सगळं गोळे काळे करायचं काम, लिहायला आणि बोलायला एक शब्द नाही. शब्दांचा पेपर २० मिनिटं, व्याकरण आणि वाचन ४० मिनिटं. शब्दांचा बरा गेला. वाचनात शेवटचा उतारा राहिला, अंदाजे गोळे केले. पेन्सिलीला बारीक टोक करू नका, बोथट टोकानं गोळा लवकर भरतो.

मग ऐकण्याचा अर्धा तास. ध्वनिवर्धक पुढच्या भिंतीवर आणि माझा बाक मागून दुसरा. आवाजाची चाचणी वाजली आणि मला पंख्याची घरघरच जास्त ऐकू आली. हात वर करावा की नाही? आजूबाजूला सगळी कॉलेजची पोरं. केला. मराठीतच म्हणालो, "मॅडम, तेवढा पंखा बंद करता का?" बाईंनी पंखे बंद केले, आवाजही किंचित वाढवला. घामानं शर्ट पाठीला चिकटला, पण ऐकू आलं. काही प्रश्नांना पुस्तिकेत चित्रं असतात, ती बोलणं सुरू व्हायच्या आधी बघून घ्यायची. काहींना चित्रही नसतं, पर्यायही कानांनीच ऐकायचे. तिथं माझी दाणादाण उडाली. एक प्रश्न तारखेचा होता. बाई काहीतरी म्हणाल्या आणि मी ओ लांब पकडला, आठ. चूक का बरोबर, कधीच कळणार नाही, कारण प्रश्नपत्रिका परत घेतात.

संध्याकाळी भाची म्हणाली, एवढं जपानी झालंय तर बाग तरी बघू. सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यान आहे, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. पाण्याकाठी बसून उरलेली भाकरी खाल्ली. पायात गोळे आले होते, तीन तास परीक्षेत बसून की पुण्यात चालून, कोण जाणे.

निकाल जानेवारी २०२५ च्या शेवटी लागला, गड्ड्याची जत्रा चालू असताना. पडद्यावर आधी एकूण आकडा दिसला, १११. मग खाली डोळे न्यायला धीर होईना, नातीला वाचायला लावलं. वाचनाकडचे ८८. ऐकण्याचे २३. एकोणिसावर चारच. ह्या परीक्षेत बरोबर उत्तरांची नुसती बेरीज नसते, वेगळ्या मापानं गुण काढतात, त्यामुळं मी किती गोळे बरोबर केले ते सांगता येत नाही. मार्चमध्ये प्रमाणपत्र आलं. देवघराशेजारी लावायचं अम्माचं म्हणणं होतं, मी कपाटात ठेवलं.

खर्चाचा हिशोब असा. वर्ग बारा हजार, वाया गेलेले साडेतीन हजार, पुस्तकं-वह्या-टॅग मिळून चौदाशे, कानांची तपासणी सहाशे, परीक्षेचं शुल्क आणि पुण्याची वारी मिळून जवळपास चार हजार. साडेएकवीस हजार. व्हिडिओंचे वगळले तर अठरा.

सध्या एन ४ ची पुस्तकं काढलीयत. गती गोगलगायीची आहे. कानाला यंत्र लावून बघायला डॉक्टरांनी सांगितलंय, त्याच्या किमती विचारतोय. पुढचा अर्ज भरीन तेव्हा सोयीचा रकाना आधी भरीन.

परवा १ ऑक्टोबरला खंडेनवमीला कारखान्यात बोलावलं होतं. तो माग अजून आहे, महिन्यातून दोनदा बिघडतो. नव्या जॉबरनं सवयीनं त्या पिवळ्या पट्टीकडं कुंकवाचं बोट नेलं. मी म्हटलं, अरे थांब, ते कंपनीचं नाव नाही, 'सावधान' लिहिलंय तिथं. त्यानं बोट हवेत धरलं, मागाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"मग तर लावायलाच पायजे की, मास्तर," तो म्हणाला, आणि दोन्ही अक्षरांवर ठसठशीत लावलं.